साडेपाच किलोंचा गूस

१२ डिसेंबर, शुक्रवार

गूस आणला. एगैलाच्या मॉलमधून, साडेपाच किलो, गोठून दगड झालेला. काउंटरवरचा माणूस हिंदीत म्हणाला, मॅडम, ये बतख नहीं है. म्हटलं, माहीत आहे बाबा, बदकाचा थोरला भाऊ आहे. दिनकरला हॉटेलात शेफ असताना लागलेली खोड ही, आता नाताळला दुसरं काही चालत नाही आमच्याकडे. दर वर्षी तो भाजतो, मी बटाटे सोलते.

यंदा मी भाजणार. तसं सांगितलं त्याला — तू फक्त बसून खायचं. "बरं" म्हणाला. नुसतं बरं! पूर्वीचा दिनकर असता तर ओव्हन किती तापवायचा इथपासून तासभर ऐकवलं असतं.

कारण त्याला सांगितलेलं नाही, इथे लिहिते. मार्चमध्ये घशाच्या गाठीला रेडिएशन दिलं तेव्हापासून त्याच्या जिभेची चव गेली. गाठ गेली, देवाची कृपा, पण चव परत आली नाही. डॉक्टर म्हणाले, येईल, वर्ष लागेल, कदाचित नाहीही येणार. नोव्हेंबरात अचानक म्हणायला लागला की येतेय. लगेच सुधीरला फोन — एक जानेवारीपासून कामावर येतो. सुधीर त्याचा वरचा. त्यांचं किचन रुग्णालयांना जेवण पुरवतं, चारशे पेशंटचं. प्रत्येक पातेल्यातला पहिला चमचा दिनकरचा, तो मान हलवतो तेव्हा गाडी सुटते. येत्या मार्चमध्ये त्याचा इकामा, इथे आखातात राहायचा परवाना, संपतो. काम नाही तर इकामा नाही. आणि मार्चमध्येच आमच्या लेकीची, ओवीची बारावी.

सगळं कळतं मला. पण चव आलीय की नाही, एवढं काही कळत नाही. त्याचा हात चुकत नाही, तीस वर्षांची सवय आहे, डोळे मिटून मीठ घालेल. म्हणून त्यानं रांधलं तर मला काहीच समजणार नाही. मी रांधायचं आणि त्याचं तोंड बघायचं.

नाताळ गुरुवारी, इथे त्याची सुट्टी कसली. जेवण सव्वीसला, शुक्रवारच्या सुट्टीत, दुपारी. सुधीरलाही बोलावलंय.

१३ डिसेंबर

गूस आमच्या फ्रीजरमध्ये मावेना. ओवीचे नगेट्स, वहिनीनं जालन्याहून दिलेला खवा, आणि एक पिशवी जी दोन वर्षांत कोणी उघडलेली नाही. शेवटी वरच्या मजल्यावर फरजानाकडे नेला. श्रीवर्धनची माणसं, तिच्या नवऱ्याचा, गफूरभाईंचा माशांचा धंदा, घरात कपाटाएवढा डीप फ्रीजर. हलव्याच्या माशांखाली जागा केली तिनं. मी चिकटपट्टीवर नाव आणि तारीख लिहून लावली. फरजाना हसली — "भाबी, हा काय लसीचा डबा आहे?"

हसू दे. एकोणीस वर्षं क्लिनिकात लसींचा फ्रीज सांभाळते, दिवसातून दोनदा तापमान लिहिते. हात सवयीनंच चालतो.

१५ डिसेंबर

आज आमटीत मुद्दाम मीठ घातलं नाही. ओवीनं पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. दिनकर म्हणाला, "मीठ राहिलं वाटतं."

मी खूश. मग भांडी घासताना आठवलं — आधी ओवीकडे बघितलं होतं त्यानं.

१७ डिसेंबर

सरळ विचारलं. खरं सांग, लागतं का काही जिभेला? म्हणाला, "येतेय की हळूहळू." आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

माझ्या हातच्या जेवणाला या माणसानं सत्तावीस वर्षं नावं ठेवली. पिठलं पातळ, भात गिचका, चहा नुसता उकळलेला. मी चिडायची, आदळआपट करायची. आता काहीही पुढ्यात ठेवलं तरी "छान". त्या छानचा मला वीट आलाय. भांडायचं तरी कोणाशी?

२२ डिसेंबर, सोमवार

घोळ झाला. क्लिनिकात असतानाच फरजानाचा फोन. शुक्रवारी मुलांना घेऊन खैरानला गेले होते, समुद्रावर, कोणाचं तरी शॅले, सुट्टीचं घर, मिळालं म्हणून. निघताना गफूरभाईंनी सवयीनं मेन स्विच खाली केला! गावाला सुट्टीवर जाताना करतात तसा. दोन महिन्यांसाठी जायचं असो की दोन रात्रींसाठी, हात आपोआप त्या स्विचवर जातो. आम्हीही तेच करतो, त्यांना काय बोलणार. काल रात्री परत आले तर डीप फ्रीजरखाली पाण्याचं थारोळं.

कामावरून तशीच वर गेले, थर्मामीटर घेऊन. फरजाना रडवेली. "काय करू भाबी, नाताळचा होता तुमचा." मी आधी पक्ष्याच्या पोटात थर्मामीटर घातला. दोन अंश. आत अजून बर्फाचा गोळा. फ्रीजर माशांनी गच्च भरलेला होता आणि हवाही गार, म्हणून वाचलं. वास घेतला, काही नाही. वरचं कातडं तेवढं मऊ, पिशवीत पाणी सुटलेलं. लस असती तर टाकली असती. गूस आहे, ठेवला.

पुन्हा गोठवायचा नाही हे नक्की. खाली आणला, आमच्या फ्रीजची मधली जाळी काढली, परातीत ठेवला. भाज्या बाल्कनीत. आता शुक्रवारपर्यंत आपोआप सुटेल. फरजानाला म्हटलं, उलट तू माझं काम सोपं केलंस. ती काही तरी बोलणार होती, मग नुसती मान हलवली.

२३ डिसेंबर

आतला बर्फ अजून पुरता सुटला नाही. कातडीला सगळीकडे सुईनं टोचलं, फक्त चरबीपुरतं, मांसात नाही. मग मीठ — दिनकरच्या वहीत लिहिलंय तसं, किलोला बारा ग्रॅम, वजन करून. आतबाहेर चोळलं. न झाकता ठेवला, कातडी कोरडी व्हायला हवी. दिनकर दारात उभा राहून बघत होता. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, टोचायचं असं नाही, मीठ तसं नाही. "छान," म्हणाला.

२५ डिसेंबर, गुरुवार

नाताळ. सकाळी क्लिनिक, बाविसाव्या मुलाला लस देताना घड्याळ बघितलं. संध्याकाळी चर्चला. गर्दीत उभं राहून एकच मागितलं. काय ते लिहायला नको.

२६ डिसेंबर, शुक्रवार

सगळं लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

साडेनऊ वाजता ओव्हन पेटवला. पोटात कांदे आणि सफरचंदं. एक तंगडी ट्रेबाहेर, तिला फॉइलची टोपी. अर्ध्या-पाऊण तासानं चरबी ओतून घ्यायची — तीनदा काढली, स्टीलचं पातेलं भरलं. त्याच चरबीत बटाटे. पहिला तास काही दिसेना, मग कातडी ताणली, रंग धरला, शेवटी अशी खरपूस झाली की ओवी फोन सोडून बघायला आली. दिनकर बाहेर पेपर धरून बसला होता. पान उलटल्याचा आवाज काही आला नाही.

एक वाजता सगळे आले. सुधीर, गफूरभाई, फरजाना. आम्ही तिघं. प्रार्थना झाली. दिनकरनंच कापला, सुरेख, हाडाला धक्का न लावता. मी माझ्या ताटाकडे बघितलंच नाही, त्याच्या तोंडाकडे बघत होते.

त्यानं घास घेतला. चावला. थांबला. पुन्हा चावला. "छान झालंय."

मग मी खाल्लं. खारट! सुकट न धुता तोंडात टाकावी तसं. जीभ आत ओढली गेली. टेबलावर सगळे पाण्याचे ग्लास उचलत होते. गफूरभाई म्हणाले, फर्स्ट क्लास. ओवी "ममा, इट्स—" म्हणाली, मी डोळे वटारले तशी गप्प. फरजानाचा चेहरा पांढरा. सुधीर तीन ग्लास प्यायला, आणि एकटक दिनकरकडे बघायला लागला.

दिनकर खाली मान घालून खात होता. ताट पुढे केलं — "अजून एक तुकडा दे." दिला. काय करणार? तोही संपवला त्यानं, हळूहळू, बोट चाटून. सुधीरनं माझ्याकडे बघितलं. मी बटाटे वाढायला उठले.

फरजाना मागोमाग स्वयंपाकघरात. "भाबी, मी रविवारी रात्री मीठ लावलं होतं त्याला. लाईट गेली की आम्ही माशाला लावतो तसं. खराब होईल म्हणून, आतबाहेर दोन-दोन मुठी. तुम्ही बघायला आलात तेव्हा सांगायचं होतं, शरम वाटली." म्हणजे तिचं मीठ आणि वर माझं मीठ. तिचा हात धरला मी. तिची काय चूक. तिनं तर वाचवायला लावलं.

जाताना सुधीर दारात थांबला. हळूच म्हणाला, "वहिनी, मी त्याला काही विचारत नाही. तुम्ही नर्स आहात, तुम्ही सांगा. सोमवारी सकाळी फोन करा. तुम्ही हो म्हणालात तर किचन त्याचं. नाही म्हणालात तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

२७ डिसेंबर

दिनकरशी बोलले नाही. दुपारी बघितलं तर स्वयंपाकघरात मसाल्याचे डबे उघडे टाकून उभा. हिंग, धणे, साखर, सगळे. मला बघून झाकणं लावायला लागला. मी ओरडले, सगळं सादळून जाईल म्हणून. नंतर बाथरूममध्ये नळ सोडून रडले. डब्यांसाठी नव्हे.

२८ डिसेंबर, रविवार

क्लिनिकात दिवसभर तेच डोक्यात. हो म्हटलं तर इकामा, ओवीची परीक्षा, आम्ही तिघं एका घरात. पण त्या चारशे ताटांत हृदयाची माणसं असतात, किडनीची असतात. त्यांचं मीठ या माणसाच्या जिभेवर. फ्रीज एक अंशानं वर गेला तरी मी कागद भरते, आणि इथे डोळेझाक करू? नाही जमणार मला.

संध्याकाळी सांगितलं. म्हटलं, दिनकर, उद्या मी सुधीरला खरं सांगणार आहे. शुक्रवारी तो गूस कोणाच्या घशाखाली उतरत नव्हता, तू दोनदा घेतलास. त्यानं टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "सांग. खरं तेच सांग."

अबू हलीफाच्या किनाऱ्यावर एकटाच फिरून आला. जेवला नाही.

२९ डिसेंबर

सकाळी फोन हातात घेतला तेवढ्यात समोर येऊन बसला. "पहिल्या घासाला कळलं होतं, खारट आहे. नऊ महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी लागलं जिभेला, म्हणून परत मागून घेतलं. मलाच खरं वाटेना. दोन दिवस डबे चाखून बघतोय. नोव्हेंबरात खोटं बोललो होतो, आता खरं सांगितलं तर तू तरी ऐकणार आहेस का?"

म्हटलं, नाही. कशावरून?

म्हणाला, "सफरचंदं गोड निघाली म्हणून आतून चिंचेचा कोळ फासलास. गूसला चिंच लावतं का कोणी, राजश्री? इतकी वर्षं बघतेस, काही शिकली नाहीस."

चिंचेचं मी कोणाला बोलले नव्हते. इथेही लिहिलं नव्हतं.