दचकलेल्या राजाचे डोळे

सायकलवाल्याच्या वरची खोली,
४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी तीन पत्रं आली आणि एकालाही उत्तर गेलं नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हा मनातल्या मनात शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. पहिल्या पत्राला उत्तर लिहायला खरंच बसलो होतो, तर पेनातली शाई संपली. शाई आणायला निघालो, तर कोपऱ्यावर दोघं जण एक पियानो जिन्यावरून उतरवत होते. त्याला हात लावला आणि त्यातून पुढचे काही दिवस सामान हलवायचं कामच मिळालं. शाई राहिली. दुसरं पत्र कोटाच्या खिशात राहून धुतलं गेलं. तिसऱ्याला मात्र सबब नाही. ते वाचायचो, घडी घालायचो आणि उशीखाली सारायचो. असं किती दिवस चाललं ते विचारू नकोस.

बाबांनी भिंग साखरेच्या डब्यात ठेवलं, हे वाचून मी हसलो. पण पुढे तू लिहिलंस की त्यांनी तुलाच विचारलं, कवळीचं माप द्यायला आलात का. मग हसू कुठे गेलं कळलं नाही. जन्मभर त्यांनी लोकांच्या कवळ्या बनवल्या हे खरं, पण आपल्या मुलीला गिऱ्हाईक समजावं? त्या दिवशी डोळे दुखत असतील, भिंग नव्हतं म्हणून झालं असेल, असं मी मनाला सांगतो. तूही तसंच सांग.

माझी बातमी अशी की मी एका नाणेवाल्याकडे कामाला लागलो. बाबांना नक्की सांग. म्हातारा जुनी रोमन आणि त्यांच्यामागून आलेल्या बायझंटाईन राजांची नाणी विकतो. चांगली ती काचेखाली, आणि न धुतलेली पोत्यात. नांगराच्या फाळाला लागून वर आलेली, मातीने आणि खडूसारख्या थराने बरबटलेली, पाहणाऱ्याला खडेच वाटावेत अशी. ती तो चक्क किलोवर विकतो. पोती उचलायचं काम माझं. शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाच्या खांद्यावर अख्खं रोमन साम्राज्य आलंय, हे बाबांना ऐकव, म्हणजे त्यांना बरं वाटेल किंवा निदान हसू येईल.

पोत्यात हात घातला की आपल्या स्वयंपाकघरातल्या खिडकीतल्या बरण्या आठवतात. नाणं पाण्यात घालायचं, पाणी गढूळ झालं की बदलायचं, आणि महिनोन्‌महिने वाट बघायची. माती सुटली की मगच भिंगाखाली धरून दातांच्या कोरणीने अलगद टोकरायचं. वरच्या हिरव्या सायीला धक्का लागला की राजा गेलाच, हे त्यांचं वाक्य मला झोपेतही ऐकू येतं. आणि राजा वर आला की त्याचा जबडा निरखून निदान करायचं, याच्या खालच्या दाढा पडल्यात, याला कवळी बसायची नाही. कप्प्यातले आपले राजे, बोळक्या, जाडमान्या, तो वर बघणारा मोठ्या डोळ्यांचा दचकलेला, सगळे बरे आहेत ना?

हिवाळा सरला की येतो. बाबा माझं नाव काढतात का, तेवढं कळव.

बाबांना नमस्कार. रागव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा,
भोवरा

—

घर,
१५ मार्च

चि. भोवऱ्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. पियानोची सबब छान आहे, जपून ठेव, पुढेही लागेल. हिवाळा सरलाय, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. तुझा फोन कधी लागत नाही, लागला तर भलताच माणूस बोलतो, म्हणून पत्राशिवाय मला इलाज नाही. तेव्हा निदान हे एक नीट वाच.

गेल्या महिन्यात बाबा एकदम शांत झाले होते. सकाळी खिडकीशी बसायचे, भिंग, कोरणी, मऊ ब्रश, पुढ्यात फडकं. तोंडाने काहीतरी गुणगुणणं चालू. मी माझ्या शिलाईच्या मशीनवर पडद्यांच्या कडा मारत बसायचे आणि मनात म्हणायचे, चला, माणूस ताळ्यावर आला. मधूनच मला हाक मारून सांगायचे, थांब जरा, चेहरा वर येतोय. मी हो हो करायचे. कुठलं नाणं आहे हे बघायला मी एकदाही उठले नाही.

परवा कप्पे पुसायला काढले. दचकलेल्याला डोळे नाहीत. आधी वाटलं उजेड कमी आहे. खिडकीशी नेऊन पाहिलं. डोळे नाहीत, नाक नाही, कडेची अक्षरं नाहीत. नुसती पिवळी चकती. बोळक्या तसाच, जाडमान्या तसाच. ज्या वाटीच्या आकाराच्या बायझंटाईन नाण्यांत तू लहानपणी मुंग्यांसाठी पाणी ठेवायचास, त्यांची आतली बाजू भांड्यासारखी घासून लख्ख केलेली. फडकं झटकलं तर तांब्याची भुकटी पडली.

तुझ्या लक्षात आलं का? ते साफ केलेलीच नाणी पुन्हा साफ करतायत. प्रत्येक नाणं त्यांना आत्ताच मातीतून आलेलं वाटतं. काल केलेलं आज आठवत नाही. हात मात्र काही विसरलेले नाहीत, त्यामुळे काम अगदी सुबक चाललंय.

मी कप्पे कुलूपबंद केले. दुपारभर त्यांनी घर धुंडाळलं. पलंगाखाली, पिठाच्या डब्यात, माझ्या कापडांच्या गठ्ठ्यात. मग माझ्या खुर्चीशी उभे राहून म्हणाले की बाई, माझं काम कुणीतरी नेलंय, मालक मला काढून टाकतील. आणि रडले, भोवऱ्या. आईच्या वेळी ते रडले नव्हते. मी किल्ली दिली.

पोस्टमास्तरकाका येऊन गेले. त्यांनी आणि बाबांनी मिळून उभं आयुष्य ही नाणी गोळा केली, तेव्हा त्यांचाही जीव तुटणारच. त्यांचं म्हणणं, उरलेली तरी माझ्या हवाली कर, दीड हजार वर्षं टिकलेली वस्तू तू डोळ्यांदेखत मातीत घालतेयस. चूक काही नाही त्यात. पण कप्पा रिकामा झाला की बाबा काय करतील, ते बघायला काका इथे नसतील. मी असेन.

शेजारच्या नर्सबाई तासभर बसायच्या, तेवढ्यात मी दोरा, भाजी, औषध उरकायचे. परवा बाबांनी त्यांना चोर समजून ट्रे फेकला. त्या आता येत नाहीत. बाबांना एकटं सोडून मला खालच्या दुकानातही जाता येत नाही. तू ये. नुसता सल्ला नको.

तुझं नाव काढतात का, विचारलंस. रोज काढतात. काय म्हणतात ते इथे आल्यावर ऐक.

तब्येत सांभाळ. आम्हाला विसरू नकोस, इथे विसरायचं काम एकट्याने सांभाळलंय.

तुझी,
ताई

—

सायकलवाल्याच्या वरची खोली,
२४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र जिन्यावर उभ्यानेच वाचलं. खालचा सायकलवाला पंक्चर काढता काढता मान वर करून म्हणाला, कुणी गेलं का. मी नाही म्हटलं. मग वर आलो आणि दार लावून घेतलं.

पण ताई, मला एक सुचलंय. हसू नकोस. बाबांना घाण लागते ना? मग घाण पुरवू. खरी, दीड हजार वर्षांची, पक्की घाण. यासोबतच्या पिशवीत न धुतलेली नाणी आहेत. म्हाताऱ्याला मी सगळं सांगितलं. एरवी हा माणूस मी चहाला पाच मिनिटं जास्त लावली तर घड्याळ दाखवतो. त्याने दुकानाचं दार ओढून घेतलं, पोतं जमिनीवर ओतलं आणि गुडघे टेकून स्वतः निवडायला बसला. सोपं नाणं दिसलं की बाजूला टाकायचा. म्हणाला, याचा थर आठवड्यात सुटेल, हे नको, तुझ्या वडलांना पुरणारं देऊ. दगडासारखे थर असलेली तेवढी त्याने वेचली. मी पगारातून कापून घ्या म्हटलं, तर माझ्यावरच खेकसला.

एक मात्र मजेदार निघालं. बायझंटाईन तांबं. टाकसाळीत तांबं कमी पडलं की नवा राजा जुन्याच्या नाण्यावरच आपला ठसा मारायचा म्हणे. त्यामुळे नव्याच्या गालातून जुन्याचा कान बाहेर आलेला दिसतो. मी ते बराच वेळ बघत बसलो आणि दोन पोती उचलायची राहिली. असो. कुठे होतो मी?

हां. तू असं कर. बाबा झोपले की कप्प्यातली चांगली नाणी काढून घे आणि ही घाणेरडी तिथे मांड. चांगली पोस्टमास्तरकाकांना दे. बाबांचं काम चालू राहील, काकांचा जीव थंडावेल. ही संपत आली की कळव, मी आणखी पाठवीन. इथे पोती भरून आहेत.

मी येतोच आहे. महिन्याच्या शेवटी इथे नाण्यांचा मोठा बाजार भरतो, म्हाताऱ्याला एकट्याने झेपणार नाही. तो उरकला की निघतो.

दुसऱ्यांदा सबब सांगतोय असं वाटलं तर वाटू दे, पण जीव लावणं सोडू नकोस.

तुझा,
भोवरा

—

घर,
१९ एप्रिल

चि. भोवऱ्यास,
अ. उ. आ.

तुझी युक्ती लागू पडली. हे तुला आधी सांगते, कारण तुझं म्हणणं बरोबर निघालं असं लिहायची वेळ मला फारशी आलेली नाही.

चांगली नाणी काका घेऊन गेले. गुळगुळीत झालेली मी ठेवून घेतली. जाताना काकांनी बाबांना हाक मारली, तर बाबांनी त्यांना खुर्ची दिली आणि तोंड उघडा म्हणून सांगितलं. काकांनी उघडलं. बाबांनी नीट आत पाहिलं आणि म्हणाले, डावीकडची दाढ हलतेय, पण आणखी वर्षभर काढेल. काका जिन्यात बराच वेळ उभे होते.

बाबा तीन आठवडे तुझ्या नाण्यांशी झगडतायत. थर चिवट आहे, कोरणी घसरते, बाबा चिडतात, मग खूश होतात. त्या म्हाताऱ्याला माझा नमस्कार सांग. गेल्या मंगळवारी एक चेहरा वर आला. मी मशीन थांबवून गेले, या वेळी उठले. बाबांनी ते नाणं भिंगाखाली धरून मला दाखवलं आणि म्हणाले, दात चांगले आहेत याचे, आपल्या भोवऱ्यासारखे पुढे आलेत थोडे. मग म्हणाले, शाळेतून आला की हात धुवायला लाव आणि मग दाखव.

तर हेच ते. रोज दिवेलागणीला विचारतात, पोरगा शाळेतून आला का. मी सांगते, वाटेत आहे. ते मान हलवतात आणि पुन्हा भिंगात बघतात. तू विचारलं होतंस म्हणून लिहिलं.

पण गेल्या चार दिवसांत कोरणी हातातून गळायला लागली आहे. ताप येतो-जातो, छातीत घरघर आहे. जेवण म्हणजे दोन चमचे पेज. डॉक्टरबाई घरी येऊन गेल्या. जिना उतरताना त्यांनी विचारलं, आणखी कोणी आहे का घरातलं, असेल तर बोलावून घ्या. मी म्हटलं, आहे.

आता पिशवी पाठवू नकोस. पिशवीतून तू येत नाहीस. तुझा बाजार केव्हाच उठला असेल. मी वाटेत आहे म्हणून सांगते ते खरं करून दाखव.

वाट पाहतेय. माया आहे म्हणूनच हे कडक लिहिलंय.

तुझी,
ताई

—

सायकलवाल्याच्या वरची खोली,
२ मे, रविवार

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात पडून आठवडा झाला. बाजारही कधीच उठला. आता एकही सबब शिल्लक नाही, तेव्हा जे आहे ते लिहितो.

म्हाताऱ्याने मला त्याच दिवशी सुट्टी दिली होती. नुसती दिली नाही, दुकानाबाहेर काढलं आणि म्हणाला, गेला नाहीस तर परत येऊ नकोस. मी स्टेशनवर गेलो. तिथल्या बाकावर बसून गाड्या बघितल्या. एक बाई कोंबड्यांची टोपली घेऊन आली होती, तिच्याशी बोललो. आपली गाडी आली आणि गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिकडे जायला मला कुणी अडवलेलं नव्हतं, ताई. कामही नव्हतं आणि हिवाळाही नव्हता.

मला भीती वाटते. मी दारात उभा राहीन, आणि बाबा मान वर करून विचारतील, कवळीचं माप द्यायला आलात का. तुला ते रोज विचारतात आणि तू रोज पेज भरवतेस. मला एकदा जरी विचारलं तरी मी कुठे जाऊ? इथे लांब आहे तोवर मी शाळेतून येतोय ना. त्यांच्या डोक्यात मी दप्तर घेऊन चालतोय, दात पुढे आलेत, हात घाण आहेत, आणि त्यांना माझी वाट बघायचीय. मी खराखुरा आलो, दाढी वाढलेला, तर तो पोरगा परत येणारच नाही. मी त्याला वाटेतच मारल्यासारखं होईल. हे कुणाला सांगितलं तर मूर्खात काढतील. तूही काढ.

पण काल दुकानावरून जाताना काचेतून बघितलं तर म्हातारा पोत्याशी वाकून दगडी थरांची नाणी वेचत होता. मी नसताना. बाजूला एक पिशवी भरत आणलेली. आत न जाता मी परत फिरलो, स्टेशनवर गेलो आणि तिकीट काढलं. उद्या सकाळच्या गाडीचं. खोली आवरली, दोन सदरे धुतले, दाढी केली, म्हणजे चेहरा जरा तरी पोराचा दिसेल. बाबांनी माप घ्यायला बसवलं तर गुपचूप तोंड उघडून बसेन. काकांना जमलं तर मला का जमू नये? आणि दात बघून तरी ओळखतील, असं

थांब. खाली सायकलवाल्याशी कुणीतरी बोलतंय. तो हात वर करून माझ्या खिडकीकडे दाखवतोय. मला आधी वाटलं म्हाताऱ्याने पिशवी देऊन कुणाला तरी पाठवलं.

ताई, तू आहेस. तुझी ती करडी शाल. हातात लहानशी बॅग, आणि बरोबर कुणी नाही. एक रात्र आणि एक दिवस प्रवास करून तू एकटी आली आहेस, आणि वर बघत नाहीस. बाबांपाशी कोणाला बसवून आलीस, हे विचारायला मला आता जिना उतरायला हवा, आणि माझ्या हातून पेन सुटत नाही.