दौंडला गाडी बदलताना

आप्पा,

काल धाकट्या भावाच्या नातीचा फोन आला होता. बारावी झाली, मार्क चांगले पडलेत, आणि विचारते, "आजी, इंजिनिअरिंग घेऊ का? मला जाम भीती वाटते." घरात सगळ्यांनी तिला सांगून ठेवलंय की मोठ्या आजीला विचार, ती कशालाच भीत नाही. मी हसले, उद्या सांगते म्हणाले आणि फोन ठेवला. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. सकाळी चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि अर्धा कप पिऊन झाल्यावर मला ते कळलं. मग वाटलं, आधी तुम्हाला विचारावं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात. पण या बाबतीत विचारावं असं दुसरं कोणी मला राहिलेलं नाही.

इंटर सायन्सचा निकाल लागला तो उन्हाळा तुम्ही विसरला नसाल. कोपरगावच्या कॉलेजात मला गणितात भरघोस मार्क पडले आणि तुम्ही गावभर सांगत सुटलात, "माजी पोर इंजिनेर हुनार." पारावर, पिठाच्या गिरणीत, पुणतांब्याच्या स्टेशनात, जो भेटेल त्याला. इंजिनिअर म्हणजे काय हे ज्याला माहीत नसे त्याला "धरनं बांधत्यात ती मानसं" असं तुम्ही समजावून सांगायचात. समोरचा माणूस आधी तुमच्याकडं बघायचा आणि मग माझ्या दोन वेण्यांकडं. मी तोंडदेखलं हसायची. आतून माझी पाचावर धारण बसलेली. पुण्याच्या कॉलेजात मुली बोटावर मोजण्याइतक्या, वर्कशॉपमध्ये लोखंड कापायचं म्हणे, पदर यंत्रात अडकला तर काय करायचं, आणि आजूबाजूला सगळी मुलंच. पण ही भीती आईला सांगता येत होती. "मग मास्तरीन हो की, चांगली स्थळं बी येतील," असं म्हणून आई ती तिथल्या तिथं मिटवून टाकायची. खरी भीती त्यानंतर आली, आणि ती मला कुणाला सांगता आली नाही.

त्या वर्षी पाऊस लांबला. विहिरीचं पाणी रोज खाली चाललं होतं आणि काठावरच्या डिझेल इंजिनाच्या पंपाला ते ओढेना. पंप एका मर्यादेच्या खालून पाणी ओढू शकत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि तुम्ही शेतात पाहिलं होतं. तेव्हा शिवारात सगळे करत होते तेच आपणही केलं. विहिरीच्या निम्म्यात खडकाचा टप्पा सोडलेला होता, त्यावर फळ्या टाकून दोरखंडानं इंजिन खाली उतरवलं. आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं, तुम्ही नारळ फोडलात. मोसंबीच्या आळ्यात पुन्हा पाणी पोचलं तेव्हा तुम्ही डोक्यावरचं मुंडासं काढून तोंड पुसलंत, आणि घाम पुसताय की डोळे, ते मला कळलं नाही. सगळ्यांचं लक्ष पाण्याकडं होतं. धूर काय, आपसूक वर निघून जातो असं सगळेच धरून चालले होते. मीसुद्धा.

मग तो दिवस. वारा अगदी पडलेला आहे. मी बांधावर बसलेय, तुम्ही डिझेल ओतायला खाली उतरलाय. इंजिनाचा आवाज एकाएकी थांबतो. तुम्ही बंद केलं असणार, आता वर याल, असं मला वाटतं. तुम्ही येत नाही. काठावर जाऊन वाकते तर खाली निळसर धूर साचलेला, आणि त्यात तुमचं पांढरं मुंडासं फळीला टेकलेलं. मी किंचाळते. धाकटे काका पळत येतात, शेजारच्या वावरातली माणसं येतात, आई येते. काका धोतर खोचून पहिल्या पायरीवर पाय ठेवतात आणि माझ्या तोंडून निघतं, "काका, नका उतरू."

मला वाटलं होतं ते मला शिवी हासडतील, ढकलून देतील आणि जातील. आप्पा, ते थांबले. मला आजही भीती वाटते ती त्या थांबण्याची. "तू शिकल्याली हाईस," ते म्हणाले, "सांग मंग, काय करायचं?" आणि सगळी माणसं माझ्या तोंडाकडं बघायला लागली. माझ्याजवळ काय होतं? रसायनशास्त्राच्या पुस्तकातलं एक पान. मी म्हणाले, आत विषारी हवा आहे, जो उतरेल तोही तसाच पडेल, आधी हवा हलवा. लिंबाचे डहाळे तोडले, दोराला बांधले आणि विहिरीत वरखाली हापसायला सुरुवात केली. तुम्ही हलत नव्हता. आई माझा दंड धरून गदागदा हलवत होती, "अगं सोड की त्येस्नी खाली! किती येळ लावतीस?" मी म्हणत होते, अजून नाही. अजून नाही. किती वेळ हापसलं म्हणजे पुरे, ते त्या पानावर लिहिलेलं नव्हतं. मग कधीतरी मीच म्हणाले, "आता." का म्हणाले ते मला सांगता येणार नाही, फक्त आणखी थांबवेना. काकांच्या कमरेला दोर बांधला, ते उतरले, त्यांनी तुम्हाला बांधलं, आणि माणसांनी तुम्हा दोघांना वर ओढलं. तुम्ही ओकलात तेव्हा आई मटकन खाली बसली.

गावात माझं कोण कौतुक झालं. पोरीनं बापाला वाचवलं, शिक्षण असं कामाला येतं. मी ते ऐकत होते आणि मनात हिशेब मांडत होते. जरा जास्त थांबवलं असतं तर तुम्ही गेला असता. जरा आधी सोडलं असतं तर कदाचित काकाही. मी बरोबर होते की नुसतं दैव माझ्या बाजूनं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि पुढं एवढे कालवे आणि पूल पाहिले तरी कळलं नाही. भाकरी थापता थापता आई एकदा म्हणाली, "माजं कुकू तुज्या एका शब्दावर टांगल्यालं हुतं गं." ती रागानं बोलली नव्हती. पण मी तेव्हाच ठरवलं की इंजिनिअर व्हायचं नाही. माझ्या शब्दावर माणसं थांबणार किंवा उतरणार, आणि तेही रोज, म्हातारी होईपर्यंत. मला ते झेपणारं नव्हतं.

फक्त ते तुम्हाला सांगायचं धाडस होत नव्हतं. तुम्ही इंजिन पुन्हा काठावर आणून ठेवलं होतं, निम्मी मोसंबी डोळ्यांदेखत वाळत होती आणि तुम्ही त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हता. अशा वेळी मी कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? म्हणून मी वाट बघत राहिले, की तुम्हीच कधीतरी म्हणाल, राहू दे. पुण्याहून मुलाखतीचं बोलावणं आलं. तुम्ही नवं धोतर काढलंत. तरी मी वाटच बघत होते.

दौंडला गाडी बदलायची होती. फलाटावर बसून आपण भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात होतो. पलीकडच्या फलाटावर मनमाडकडं जाणारी गाडी उभी होती. तुम्ही घास न घेताच म्हणालात, "परत जायाचं का?"

मी पलीकडच्या गाडीकडं वळून बघितलं.

"ती गाडी आपल्या गावावरनंच जाती. व्हय म्हन, बसू."

"तुम्हीच तर गावभर सांगत होता."

"सांगत हुतो. तवा मला काय ठावं?" तुम्ही भाकरीचा तुकडा फडक्यावर ठेवलात. "हिरीत मला हलता येत न्हवतं, पर ऐकाया येत हुतं. तू त्येला म्हनलीस, नका उतरू. ऐकलं म्या. बराबर बोललीस. माजा भाऊ बी गेला आसता. पर पोरी, बापाच्या वक्ताला आसं बोलायचं, म्हंजी काय झालं आसंल तुला. आन हितनं पुढं रोजच त्ये. मला लई भ्या वाटतंया."

बाप भितो हे मी पहिल्यांदा ऐकत होते. आणि ज्या भीतीनं माझी झोप उडाली होती तीच, जशीच्या तशी, तुमच्या तोंडून येत होती. तिथं खाली पडल्या पडल्या, आपल्या लेकीनंच माणूस अडवलाय हे ऐकून, तुम्हाला माझी काळजी वाटली होती. एवढे दिवस ज्या शब्दांची वाट बघितली ते शब्द आले होते, गाडी समोर उभी होती. मी म्हणाले, "नाही आप्पा, पुण्यालाच जाऊ."

निवृत्तीच्या समारंभात मी माइकवर सांगितलं की वडिलांनी धीर दिला म्हणून मी शिकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरातल्या पोरांनाही तेच सांगत आले, त्यातूनच ती कशाला न भिणारी आजी तयार झाली. आज संध्याकाळी त्या पोरीला फोन करायचाय. हे पत्र तिला दाखवायची माझी छाती नाही, आणि तुम्हाला तर ते पोचणार नाही, म्हणून इथं लिहिते.

मी नाही म्हणाले तेव्हा तुम्ही मान हलवलीत आणि भाकरीचं फडकं बांधायला घेतलंत. मनमाडची गाडी सुटायला अजून अवकाश होता. मी तुमच्या तोंडाकडं बघत बसले होते. तुम्ही आणखी एकदा विचारलं असतंत, आप्पा, तर मी परत आले असते.