तुमच्या घशाची काळजी वाटते

मल्हारगंज, इंदूर
ता. ९ जानेवारी

तीर्थस्वरूप अरविंदराव यांस,

श्रीहरीचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे तूर्त सहाच अंगांनी). तिकडे सांगलीला थंडी बेताचीच असेल. सुलोचनाताईंची कंबर, सुशांतची नवी नोकरी आणि गच्चीतला तुमचा कढीपत्ता, सगळं ठीक आहे असं धरून चालतो. तुमचा घसा कसा आहे? मुद्दाम विचारतो, कारण इथे पलासियातल्या एका दवाखान्याच्या कागदांप्रमाणे तो अजिबात बरा नाही. श्री. अरविंद दामोदर सोहोनी, वय त्रेसष्ट, व्यसन काही नाही, चार महिने आवाज बसलेला, स्वरयंत्रावर पांढरा डाग. घाबरू नका. डाग माझा आहे, नाव तेवढं तुमचं आहे.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण माझा आवाज सध्या असा झालाय, की परवा गॅसवाल्याने मला दोनदा विचारलं, आप हो कौन? शिवाय तुमचा मोबाइल तुमच्याआधी सुलोचनाताई उघडतात, हे आपल्या घराण्यात कुणाला माहीत नाही? ताईंना कळलं की दहाव्या मिनिटाला त्यांच्या बहिणीला, म्हणजे माझ्या सुनीताला कळतं, आणि सुनीताला यातलं अवाक्षरही कळता कामा नये. म्हणून हे स्पीड पोस्ट. पाकिटावर 'गणेश मंडळाचे इतिवृत्त' असं लिहितो आहे, म्हणजे कुणी उघडायच्या भानगडीत पडणार नाही.

तर मुळापासून सांगतो. मी सिगारेट ओढतो. आमच्या आर्याच्या बारशाला मी सुनीतासमोर पाकीट नाल्यात फेकून शपथ घेतली, ते तुम्ही पाहिलंत आणि माझी पाठ थोपटलीत. पाकीट रिकामं होतं. त्या दिवसापासून आजवर, सत्तावीस वर्षं, मी रोज संध्याकाळी दही आणायला जातो. दह्याचं दुकान आमच्या दारासमोर आहे. पण दोन गल्ल्या पलीकडचं दही जास्त घट्ट असतं असं मी घरात जाहीर केलं, आणि त्या दोन गल्ल्यांच्या मध्ये बंटीचा पानठेला आहे. येताना बडीशेप चघळायची. याचा परिणाम असा, की घरात सत्तावीस वर्षं रोज दही येतं आणि रोज कढी होते. पाहुणे कौतुकाने म्हणतात, श्रीहरीरावांचं कढीवर भारी प्रेम! मला कढी डोळ्यांसमोर नको असते, अरविंदराव. वाटीवर वाटी पितो, कारण नाही प्यायलो तर रोजचं दही कशाला, हे काय सांगू?

आवाज गेला तो गणपतीत. आरत्या म्हणून आवाज बसणं यात मानच असतो, म्हणून मी तो मिरवला. दसऱ्यालाही उठला नाही तेव्हा हवेवर ढकललं, दिवाळीत फराळाच्या तेलावर, आणि थंडी पडल्यावर सराफ्याच्या खाऊगल्लीतल्या तळलेल्या गराडूवर. (इंदुरात दोष द्यायला खाण्याचे पदार्थ कमी पडत नाहीत.) बंटी म्हणाला, "भिया, गला तो सबका चल रिया है, मौसम है," आणि वैद्याच्या थाटात माचिस पुढे केली. सुनीताने ज्येष्ठमधाचा काढा सुरू केला. मी काढा घ्यायचो आणि लगेच दही आणायला जायचो. मग गिळताना डाव्या कानापर्यंत कळ जायला लागली. आणि गेल्या सोमवारी सकाळी चूळ भरली, तर बेसिनमध्ये लाल धागा दिसला. काल बीट खाल्लं होतं का, हे आठवत मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. आमच्याकडे बीट कुणीच खात नाही.

मंगळवारी मास्क लावून, टोपी घालून, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून थेट पलासियाला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. आत शिरतो तो समोरच्या बाकावर आमच्या मंडळाच्या चिटणीस पद्मजाबाई! तेवढ्यात काउंटरवरच्या पलक नावाच्या मुलीने खणखणीत आवाजात विचारलं, "अंकलजी, पेशेंट का नाम?" आता पद्मजाबाईंच्या देखत श्रीहरी कसं म्हणू? आमच्या घरात सर्वांत जास्त घेतलं जाणारं नाव तुमचं. (अरविंदराव बघा, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात धरत नाहीत. अरविंदराव बघा, पहाटे फिरायला जातात.) तेच तोंडातून बाहेर पडलं. मग फॉर्म आला. कॉलेजच्या ऑफिसात मी हेडक्लार्क होतो, जन्मभर लोकांचे फॉर्म तपासले, एक खाडाखोड दिसली की परत पाठवले. तो मी, धूम्रपानाच्या रकान्यापाशी अडलो. नाव तुमचं, मग तिथे 'हो' कसं लिहू? तुमच्यासारख्या माणसाची बदनामी माझ्या हातून होणार नाही. ठळक अक्षरांत 'कधीही नाही' लिहिलं. पद्मजाबाई कानासाठी आल्या होत्या आणि त्यांना दोन्ही कानांनी काही ऐकू येत नव्हतं, हे नंतर कळलं.

डॉक्टर चारुलता दिसायला आपल्या आर्याएवढ्या. नाकातून दुर्बीण घातली आणि पडद्यावर तुमचा, म्हणजे माझा, घसा दाखवला. मग फॉर्म बघितला, माझी पिवळी बोटं बघितली, आणि म्हणाल्या, "सोहोनीजी, फॉर्म कुछ बोल रहा है, उंगलियां कुछ और." मी म्हटलं, हळद आहे. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, हा डाग साधाही असू शकतो, कॅन्सरही असू शकतो. भूल देऊन तुकडा काढून तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. तीन आठवडे आवाज बसला की यायचं असतं, तुम्ही चार महिने काय करत होतात? मी दह्याचं सांगितलं नाही. लवकर सापडलं तर इलाज चांगला होतो, असंही त्यांनी दोनदा सांगितलं. दोनदा का सांगितलं, याचा मी तेव्हापासून विचार करतो आहे.

बावीस तारखेला सकाळी आठला भरती व्हायचं आहे आणि पेशंटचं आधार कार्ड लागणार आहे. म्हणून विनंती एवढीच, की तुमचं आधार कार्ड परतीच्या टपालाने पाठवा. आधारच्या फोटोत सगळेच गुन्हेगार दिसतात आणि टक्कल आपल्या दोघांनाही आहे, तेव्हा खपून जाईल. काम झालं की परत करीन.

आपला आज्ञाधारक साडू,
श्रीहरी

ता. क. पाकिटाला लावायला डिंक शोधत होतो, तेवढ्यात सुनीताने पत्र वाचलं. मंडळाची इतिवृत्तं पद्मजाबाई लिहितात, मी नाही, हे माझ्या लक्षातच नव्हतं. पद्मजाबाईंना ऐकू येत नसलं तरी मास्कमधलाही माणूस ओळखू येतो. त्यांनी मंगळवारीच हिला सांगितलं होतं. मी आपणहून कधी बोलतोय याची ही चार दिवस वाट बघत होती. मला वाटलं, आता फटाके फुटणार. ती फक्त म्हणाली, "सत्तावीस वर्षं मी कढी करतेय. मला काय ती आवडते?" मग ती रडली. मीही रडलो, पण माझा आवाजच निघेना, म्हणून ती आणखी रडली. दही आज आणलेलं नाही.

ता. क. दुसरा. आम्ही दोघं दवाखान्यात जाऊन आलो. आधार कार्ड पाठवू नका. डॉक्टरबाईंनी तुमचं नाव खोडून माझं घातलं आणि माझी अशी हजेरी घेतली, की पलकसुद्धा गप्प झाली. (खाडाखोडीशेजारी मी त्यांची सही घेतली. सवय जात नाही.) धूम्रपानाच्या रकान्यात मी 'रोज सहा' सांगितलं. सुनीताने नुसतं माझ्याकडे बघितलं. तिथे आता 'रोज चौदा' आहे. सोडून तीन दिवस झाले. (अडीच.)

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं याच्यासाठी. भरतीच्या फॉर्मवर जवळच्या नातेवाइकांसाठी दोन ओळी असतात. पहिलीवर सुनीताने सही केली. दुसरी नसली तरी चालतं म्हणाले. मी तिथे तुमचं नाव लिहून आलो आहे. या खेपेला ते योग्य रकान्यात आहे, अरविंदराव. सही तेवढी राहिली आहे, आणि ती टपालाने चालत नाही.