तनयाच्या गाडीचा क्लच

अ‍ॅव्हिमोरजवळ, स्कॉटलंड
१९ मार्च २००६

प्रिय अर्चना,

पाकिटावरचा शिक्का बघून तू बुचकळ्यात पडशील. मी रजा घेऊन ब्रिस्टलला घरीच आहे, अशी तुझी समजूत मी करून दिली होती. मी घरी नाही. गेले पाच दिवस तनयाकडे आहे. परवा फोनवर हे सांगायचं ठरवलं होतं, पण तिचं नाव निघताच तू नानांच्या फिजिओथेरपीबद्दल बोलायला लागलीस आणि मीही पुढे रेटलं नाही. नाना वॉकर धरून गॅलरीपर्यंत गेले, हे ऐकून मात्र खरंच बरं वाटलं. त्यांना म्हणावं, जावई जूनमध्ये येतो आहे, तोवर काठीवर या.

गेल्या आठवड्यात तनयाने मला वर्कशॉपमध्ये फोन केला. महिन्या-दोन महिन्यांनी करते ती. तू कधी विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही. एरवी तीनचार वाक्यांत आमचं बोलणं संपतं. या वेळी तिने मदत मागितली. स्की सेंटरवर घसरून पडलेल्या, हातपाय मोडलेल्या माणसांना खाली आणायचं तिचं काम. त्यासाठी तिच्याकडे एक स्नोमोबिल आहे, म्हणजे बर्फावर चालणारी मोटरसायकलच म्हण. मागे स्ट्रेचरची घसरगाडी जोडतात. ती गाडी महिनाभर त्रास देत होती. इंजिन मंद ठेवलं तरी आपणहून पुढे सरकायची आणि चढावर इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागच्या जागी. त्यांचा मेकॅनिक गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी बसलेला. दुसरी गाडी आधीच मोडकळीला आलेली. तिचा साहेब, गॉर्डन नावाचा मोठा शांत माणूस आहे, तो म्हणाला होता की दुरुस्ती झाली नाही तर वरचा उतार बंद ठेवावा लागेल. तनया म्हणाली, बाबा, तुम्ही फक्त फोनवर सांगा काय बघू ते. मी म्हटलं, येतो.

स्टेशनवर तिला मी पटकन ओळखलं नाही. केस कापलेत, चेहरा वाऱ्याने रापलाय, गालांवर चष्म्याचे पांढरे ठसे. तिने माझी बॅग अशी उचलली जशी मी तिची उचलत असे. शेडमध्ये गेल्यावर तिने एक वही पुढे केली. कोणत्या दिवशी, कोणत्या चढावर, किती थंडीत, आवाज कसा होता, पट्ट्याला वास आला का, सगळं तारीखवार. तू पेशंटची हिस्टरी लिहितेस ना, अगदी तशी. मी तिला तसं म्हणालो नाही.

या गाडीला गिअर नसतात. इंजिनच्या टोकाला दोन तबकड्यांचा क्लच असतो आणि त्या तबकड्यांमधून एक रबरी पट्टा मागे जातो. इंजिनने वेग घेतला की आतली वजनं बाहेर फेकली जातात, तबकड्या जवळ येतात, पट्टा पकडतात. वेग उतरला की स्प्रिंग त्यांना दूर सारते आणि पट्टा मोकळा होतो. महिनाभरात यांनी तीन पट्टे जाळले होते आणि प्रत्येक वेळी नवा पट्टा घालून गाडी बाहेर काढली होती. जो जळलेला दिसतो त्याच्यावरच खापर फुटतं. मी तबकडी हाताने ढकलून पाहिली. अर्ध्यावर येऊन ती किंचित अडत होती. पट्ट्याचा काही दोष नव्हता.

पहिला दिवस नुसता क्लच बाहेर काढण्यात गेला. तो शाफ्टवर असा बसला होता की तो ओढून काढायच्या पुलरचा बोल्ट वाकेल अशी भीती वाटली. शेवटी शाफ्टच्या भोकात पाणी भरलं, बोल्टच्या आट्यांना प्लंबर वापरतात ती पांढरी टेप गुंडाळली आणि बोल्ट परत पिळला. पाण्याला जायला जागा नाही; त्याच्या दाबाने क्लच सुटून तनयाच्या हातात आला. ती हसली. दीड वर्षात मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

उघडण्याआधी मी तिला कव्हरवर आणि आतल्या भागावर खूण करायला सांगितली, कारण एक घर जरी चुकलं तर सगळा तोल जातो. आत दिसलं ते इतकंच : तीन रोलरांपैकी एक एका बाजूने झिजून चपटा झाला होता. वजन त्याच्यावरून सरकताना त्या चपट्या जागी अडायचं. मोडकळीला आलेल्या गाडीचा क्लच आम्ही उघडला. त्यातले रोलर चांगले निघाले. तनया एकच बदलायला निघाली होती, मी तिन्ही बदलायला लावले. तबकड्या स्पिरिटने पुसल्या, तेलाचा थेंबसुद्धा लागू दिला नाही. पाना तिच्याच हातात होता. मी स्टुलावर बसून सांगत होतो आणि मधूनमधून तेही थांबवत होतो, कारण तिला गरज नव्हती. तिचे हात स्थिर आहेत, अर्चना. तुझ्यासारखे.

शुक्रवारी सकाळी गाडी बाहेर काढली. इंजिन मंद सुरू होतं आणि गाडी जागेवरून हलली नाही. गॉर्डनने माझ्याशी हात मिळवला. तिने दोन फेऱ्या मारल्या असतील नसतील, तोच वायरलेसवर निरोप आला की वरच्या उतारावर एका बाईच्या मांडीचं हाड मोडलंय. तनया घसरगाडी जोडून निघून गेली. वर ढग उतरले होते. मला आवाज तेवढा ऐकू येत होता. सव्वीस वर्षं मी विमानांच्या इंजिनांवर सह्या केल्या, पण त्या विमानांत बसलेली माणसं मला दिसली नव्हती. सगळ्यात उभ्या चढावर आवाज चढला. तो चढतच राहिला, मग एकसारखा झाला. पट्टा धरून होता. चाळीस मिनिटांनी ती खाली आली. त्या बाईचा हात हातात घेऊन तिच्याशी सारखं बोलत राहिली, अँब्युलन्सचं दार लागेपर्यंत. हे काम डॉक्टरकीहून कमी आहे असं मी आजवर मानत आलो. आता मानत नाही.

नंतर आम्ही शेडमध्ये चहा घेत बसलो. तिने कपात बघतच विचारलं, "बाबा, आईने माझं पत्र वाचलं होतं ना? मग ती आली का नाही?"

मी तिला खरं सांगितलं. आता तुला सांगतो, आणि याचसाठी हा सगळा कागद खर्च केला. ऑक्टोबर २००४ मध्ये तुझी आई गेली आणि तू रातोरात नागपूरला निघालीस. दुसऱ्या दिवशी मँचेस्टरहून तनयाचं पत्र आलं. तुझ्या नावाचं. मी ते फोडलं. तिच्या वॉर्डात एक पेशंट गेला होता, त्यानंतर तिला झोप येत नव्हती, वर्गात जाववत नव्हतं. तिने लिहिलं होतं की आई, कोर्स सोडण्याआधी मला तुझ्याशी बोलायचंय, एकदा ये, तू सांगशील तसं करेन. मला वाटलं, तुझ्यावर आत्ताच एवढं कोसळलंय, तेरावा झाला की देऊ. तू परत आलीस तोवर तिने कॉलेज सोडलं होतं. मग ते पत्र देणं म्हणजे मी काय केलं ते सांगणं झालं असतं, आणि ते मला जमलं नाही. तिने मला न विचारता, एका शब्दाने न सांगता सगळं टाकून दिलं, असं तू मला कितीदा म्हणालीस. मी ऐकून घेतलं. तिकडे ती समजत राहिली की आईने वाचलं आणि तरी आली नाही. तुम्हा दोघींमध्ये मी उभा होतो. माझ्यावर कोणीच रागावलं नाही. सगळ्यात वाईट तेच.

तनयाने चहा शेवटपर्यंत प्यायला, कप विसळून ठेवला आणि म्हणाली, "ते तिला आता द्या." त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. ते मला मान्य आहे. तूही जे ठरवशील ते मला मान्य असेल. तिचं पत्र निघताना मी बॅगेत घातलं होतं, ते सोबत ठेवलं आहे, मागच्या बाजूला तिचा इथला नंबर लिहिला आहे. संध्याकाळी सहानंतर ती घरी असते, म्हणजे तुझ्याकडे रात्रीचे साडेअकरा. आधी तिला फोन कर. मला नंतर केलास तरी चालेल, नाही केलास तरी मी समजेन.

तुझाच,
उदय