ताडपत्रावरची बाबांची थरथर

देनपासार

ओम् स्वस्त्यस्तु, आई!

पुतूदादा, हे पत्र आईला सावकाश वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस.

मी मजेत आहे. खोकला जवळजवळ गेलाय. तुझा गुडघा कसा आहे?

आमचा वर्ग सध्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ताडपत्रांवर कोरलेल्या जुन्या पोथ्यांना कीड लागू नये म्हणून गवती चहाचं तेल लावायला जातो. काल एका पोथीच्या शेवटी आपल्या गावाचं नाव दिसलं आणि त्याखाली बाबांचं. मी किंचाळलेच.

"काय गं काडेक, विंचू निघाला की काय?" तिथल्या रईबाईंनी विचारलं.

"माझ्या बाबांनी लिहिलीय ही!"

"मग मोठ्यानं वाच की!"

पोथीची नक्कल करणारा शेवटी अक्षराबद्दल माफी मागतो, तशी बाबांनीही मागितली होती. "आत बायकोला कळा येताहेत. सुईण मला आत येऊ देत नाही. नुसतं बसवत नाही, म्हणून लिहितोय. हात थरथरतोय, अक्षर वेडंवाकडं आलंय. वाचणाऱ्यानं हसू नये."

तारीख माझ्या जन्माची होती.

तू नेहमी म्हणायचीस, "मी मरणाच्या दारात होते आणि हे बसले होते पानं कोरत!" बाबांनी त्यावर कधी उत्तर दिलं नाही. आता तर ते नाहीतच.

रईबाई म्हणाल्या, "आईला घेऊन ये." येशील ना? वाचता येत नाही म्हणून संकोचू नकोस. त्या ओळी कुठल्या, हे तुला नुसत्या अक्षरांकडे बघूनच कळेल.

तुझ्या पायांवर डोकं ठेवून,
काडेक