मिरच्यांची दृष्ट

नंदुरबार, १९३४

मथुरा,

हे पत्र तुझ्या सासरी धाडणार नाही.

तुझ्या लग्नाचं कळताच कॉलेज टाकून आलो, तेव्हा तू मला तुझी कॅनरी दिलीस. परवापासून ती गाईना. पिसं फुगवून बसायची, श्वासागणिक शेपूट हलायची. धाप ओळखून मी पिंजरा धुराधुळीपासून दूर, उबेत ठेवला.

काल घरी आलो तर पिंजऱ्याखाली मिरच्या जळत होत्या.

"पाखराले नजर लागनी व्हती, भाऊ. मिरच्या ववाळीसन जाळ्यात," काकू म्हणाली.

मी निखारे लाथाडले. काकूचा पाय भाजला. काका आवरायला आले, त्यांचे दोन दात पाडले. मग वळून पाहिलं, तर कॅनरी मेलेली.

पिंजरा अंगणात न्यायला दोन पावलं पुरली असती. मी ती दोन पावलं काकांच्या अंगावर धावून जाण्यात घालवली.

तुझा होऊ न शकलेला,
भिकन