मेल्याशिवाय उघडू नये

३ जुलै

झाली बाई एकदाची सहल. आम्हा कॅनडावाल्यांचा राष्ट्रीय दिवस एक जुलै, अमेरिकनांचा चार. भांडण नको म्हणून मधला एक दिवस धरून इथे येऊन राहिलेल्या आम्हा सगळ्यांचं मंडळ समुद्रावर. डॉइलने यंदाही दोन्ही राष्ट्रगीतं म्हणायला लावली. मंडळाचा अध्यक्ष तो! टेक्ससचा माणूस, आवाज असा की खाडीतल्या बोटींवरून टाळ्या येतात. आमचं गीत म्हणताना अर्ध्यावर सगळे नुसते हं-हं करत उभे. चौदा वर्षं सावूसावूत, या बेटावर राहिल्यावर काय राहणार लक्षात!

जेवणानंतर पाकिटं. जुनं परत घ्यायचं, नवं द्यायचं. आपलं काही झालं तर कुणाला कळवायचं, कुठे पुरायचं, कुत्रं कुणाला द्यायचं – ते ज्याचं त्याने आत लिहायचं, चिकटवायचं, जोडावर आडवी सही करायची. एकतीस पाकिटं माझ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. झाकणावर माझ्याच अक्षरात – मेल्याशिवाय उघडू नये. डॉइल दरवर्षी विचारतो, "बर्निस, आम्ही मेल्यावर उघडायचं कसं गं?" दरवर्षी सगळे हसतात.

आर्लन रांगेत शेवटी आला. नऊ महिन्यांत पहिल्यांदा समोर. पाकीट पुढे केलं. मी म्हटलं, "आडवी सही?" तो म्हणाला, "केलीय." मग उगाच उभा राहिला. घसा खाकरला. मी डब्याचं झाकण लावण्यात दंग! शेवटी गेला.

बघितलं असतं वर तर काय झिजणार होते मी?

४ जुलै

अमेरिकनांचे फटाके. माझी मांजर कपाटात.

६ जुलै

पाकीट दिल्यावर आर्लन उगाच उभा राहिला, तेच डोक्यातून जाईना. दुपारभर त्याच्या घराकडे बघत बसले. समोरच तर आहे, रस्ता ओलांडला की त्याचा ओटा. ओट्यावर दोन खुर्च्या, तोंडं खाडीकडे. एक त्याची, एक त्याच्या बायकोची – जोनची. जोनची राख त्याच खाडीत सोडली, आता पाच वर्षं होतील. मीच होते त्याच्याबरोबर होडीत.

आणि भांडण कशावरून, तर टर्की! थँक्सगिव्हिंगचा सण, टर्की भाजून खायचा, आमचा ऑक्टोबरात, त्यांचा नोव्हेंबरात. बोटीने दोन टर्की आल्या होत्या, एक आमची, एक त्यांची. वीज गेली दोन दिवस, फ्रीजर वितळलं, मी दोन्ही भाजून टाकल्या. नाहीतर कुत्र्यांना घालायच्या होत्या का? आर्लन सगळ्यांदेखत म्हणाला, "तुम्ही कॅनडावाले आधी माफी मागता आणि मग सगळं गिळून टाकता." लोक हसले. मलाही हसता आलं असतं. पण मी म्हणाले, "जोनने सोसलं तुला तीस वर्षं. मला काय गरज?"

तोंडातून गेलं ते गेलं. तो ताट ठेवून उठला.

त्यानंतरही माझा पाण्याचा पंप बिघडला तेव्हा सकाळी उठून बघते तर दुरुस्त! कुणी केला हे विचारायला नको. आभारही मानले नाहीत मी. माझ्यासारखी हेकट बाई मीच.

८ जुलै

लितिया धावत आली. ती आर्लनच्या मागच्या बाजूला राहते, त्याला रोज पपई नेऊन देते. "बर्निसबाई, लवकर चला! आर्लन ओट्यावर पडलाय, डोळे उघडे आहेत पण बोलत नाही." तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवा हात मेल्यासारखा. मुनसामीची टॅक्सी बोलावली, लितियाच्या दोन भावांनी उचलून आत ठेवला, डोंगर ओलांडून लाबासाचा दवाखाना. वाटभर त्याचं डोकं माझ्या मांडीवर. मुनसामी आरशातून बघत सारखं म्हणायचा, "बाई, त्यांच्याशी बोलत राहा, ऐकू येतं माणसाला." काय बोलू? नऊ महिन्यांचं काय काय बोलू? पंपाबद्दल बोलले. म्हटलं, पंप छान चाललाय.

९ जुलै

डॉक्टरीणबाई चांगली आहे, स्पष्ट बोलते. मेंदूत रक्त अडकलं. इथे करता येण्यासारखं केलंय. आता विमानाने ऑस्ट्रेलियाला न्यायचं, की शेवटपर्यंत इथेच आरामात ठेवायचं, हे घरच्या माणसाने सांगायचं. "न्यायचं तर पाचेक दिवसांत. तुम्ही त्यांच्या कोण?"

"समोरच्या घरातली."

तिने वहीत काही लिहिलं नाही.

विम्यावालेही तेच म्हणाले फोनवर. विमान देऊ, नातेवाईकाचा होकार द्या. अहो, पण नातेवाईक आणू कुठून! मुलगा आहे अलास्काकडे कुठेतरी, वेड नाव त्याचं, वीस वर्षं बोलणं नाही. बहीण होती, ती गेली.

१० जुलै

मंडळाची बैठक, डॉइलच्या अंगणात. सगळे एकदम बोलत होते. शेवटी डॉइल म्हणाला, "अरे, वाद कशाला? पाकीट आहे ना त्याचं! बर्निस, आण डबा."

मी म्हटलं, "तो मेलेला नाही."

"अगं, मरायची वाट बघतेस का त्याच्या?"

"नियम आहे."

"नियम तूच केलास!"

हो, मीच केला. का केला ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्यातल्या ग्वेनला डेंग्यू झाला होता, नुसता डेंग्यू, आणि घाबरून तिचं पाकीट उघडलं. आत पहिल्या नवऱ्याचं नाव, त्याला सोडून आल्याची सगळी हकिकत. संध्याकाळपर्यंत बाजारातल्या मासेवालीलासुद्धा माहीत! ग्वेन बरी होऊन आली, महिन्याभरात घर विकून गेली. निरोपही घेतला नाही कुणाचा. त्या दिवशी मी झाकणावर ते वाक्य लिहिलं.

"एवढंच असेल तर डबा घ्या आणि दुसरं कुणीतरी बघा सांभाळायला," म्हटलं मी.  कुणी पुढे आलं नाही. डॉइलने टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. म्हणाला, "बरं. मुलाला शोधू."

११ जुलै

इथे तरी खरं लिहावं. कागदाशी काय लपवायचं?

ग्वेनचं कारण खरं आहे. पण तेवढंच नाही. उघडायचं म्हणजे दोन साक्षीदार लागतात, एक कॅनडाचा, एक अमेरिकन, आणि मोठ्याने वाचायचं. हाही माझाच नियम. नऊ महिन्यांच्या अबोल्यानंतर त्याने माझ्याबद्दल काय लिहिलं असेल? समोरच्या बाईला माझ्या अंत्यविधीला येऊ देऊ नका? जोनबद्दल मी काय बोलले ते? डॉइल वाचणार, आणि मी समोर उभी राहून ऐकणार!

एवढीशी भीती. लाज वाटते लिहायला.

दुपारी लाबासाला गेले. जागा होता. मला बघून डावा हात हलला. एक बोट चादरीवर फिरवत राहिला – चौकोन काढायचा, मग त्यावर आडवी रेघ. परत चौकोन, परत रेघ. "खिडकी? खिडकी उघडू?" उघडली. तरी काढतच राहिला. "बंद करू?" केली. डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या, रागाचं होतं की कशाचं कोण जाणे. मी आपली हातात हात घेऊन बसले. तो सोडवून घेऊन परत चौकोन.

डॉक्टरीणबाई म्हणाली, "या आजारात हात असा चाळा करतो कधीकधी." असेल.

१२ जुलै

मुलगा सापडला! जोनच्या पत्त्यांच्या जुन्या वहीत नंबर होता, लितियाने शोधला. डॉइलने फोन लावला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर ठेवला. वेड वाईट माणूस नाही वाटला. गोंधळलेला. "मला काही माहीत नाही हो त्यांचं. तुम्हीच सांगा, त्यांना काय हवं असेल?"

माझ्याने राहवेना. फोन ओढून घेतला. म्हटलं, "त्याला इथून कुठेच जायचं नव्हतं. जोनची राख सोडली त्या दिवशी होडीत म्हणाला होता, बर्निस, मलाही याच पाण्यासमोर मरू दे. माझ्या कानांनी ऐकलंय."

"तुम्ही त्यांच्या कोण?"

परत तेच!

"शेजारीण."

"त्यांनी हे कुठे लिहून ठेवलंय का?"

डॉइल माझ्याकडे बघत होता. हळूच म्हणाला, "बर्निस. अजूनही उघडता येईल."

मी मान हलवली. नाही म्हणून. का हलवली? हलली खरी.

"लेखी काही हाती नाही," मीच म्हटलं फोनमध्ये.

 वेड म्हणाला, "मग मी नाही कसं म्हणू? उद्या मलाच वाटेल की बापाला मरू दिलं. न्या त्यांना."

त्याच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते. काय बोलणार त्याला!

१३ जुलै

नेला. लाबासाच्या धावपट्टीवर छोटं पांढरं विमान. स्ट्रेचरवर पट्ट्यांनी बांधलेला. बरोबर एकालाच जागा, आणि तीही नातेवाईकाला. म्हणजे कुणालाच नाही. लितियाने त्याच्या छातीवर घरची चटई ठेवली होती, नर्सने नम्रपणे परत दिली. त्याला कळत होतं. डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होता, आणि डावं बोट पट्टीखाली हलत होतं.

मी म्हटलं, "ऑस्ट्रेलियात चांगले डॉक्टर आहेत." काय पण बोलले! त्याने डोळे मिटून घेतले.

 मुनसामीने परत आणून माझ्या फाटकाशी उतरवलं आणि म्हणाला, "आज पैसे राहू द्या, बाई."

१४ जुलै

ओट्यावर दोन खुर्च्या. दोन्ही रिकाम्या.

१६ जुलै

ब्रिस्बेनला फोन. "आपण कोण?" शेजारीण. "क्षमा करा, माहिती फक्त नातेवाईकांना." परत लावला, आवाज बदलून. बहीण आहे म्हटलं. बाई हसली नाही, रागावलीही नाही. "आपणच मघाशी बोललात ना?" ठेवला.

डॉइल येऊन गेला. मका आणला होता, चूल न पेटवता कच्चाच ठेवून बसलो. म्हणाला, "तुझं चुकलं असं नाही म्हणत मी, बर्निस. नियम नियम असतो." बरं झालं असतं ओरडला असता तर. ओरडायला एवढा मोठा आवाज दिलाय देवाने त्याला.

१७ जुलै

वेडचा फोन, आपणहून. शस्त्रक्रिया झाली, शुद्ध नाही. विचारत होता, "बाबा कसे होते हो?" अर्धा तास सांगितलं. सगळ्या गावाचे पंप, जनित्रं, होड्या हाच दुरुस्त करायचा. पपईवर लिंबू पिळून खायचा. पत्त्यांत लबाडी करायचा आणि पकडला की खूष व्हायचा. वेड म्हणाला, "हे मला माहीत नव्हतं."

जायचं म्हणतोय ब्रिस्बेनला. रविवारचं तिकीट मिळालंय.

१९ जुलै

गेला आर्लन. सकाळी. ब्रिस्बेनला, चौथ्या मजल्यावर. वेड अजून विमानात होता. जवळ कुणी नव्हतं. तिथली नर्स भली असावी, वेडला म्हणाली की खोलीला खिडकी होती. समोर दुसरी इमारत दिसायची.

लितिया माझ्या पायरीवर बसून रडली. मग उठून त्याच्या दोन्ही खुर्च्या पुसल्या. मी नुसती बघत राहिले. इकडची काडी तिकडे करता आली नाही मला. सगळे दिवस मी फक्त फोनजवळ बसले आणि लोकांना माझं नातं सांगत राहिले.

२० जुलै

आता नियमाप्रमाणे उघडायला हरकत नाही. डॉइल म्हणाला, उद्या. अमेरिकेतर्फे तो, कॅनडातर्फे मी.

जे लिहिलं असेल ते ऐकीन. शिव्या असल्या तरी ऐकीन. असाव्यात, असंच वाटतंय आता.

२१ जुलै

डॉइलने मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि त्याला पुढे वाचवेना. मी घेतलं. चारच ओळी, आर्लनचं ते वाकडं अक्षर, खाली सहलीच्या दिवसाची तारीख:

"माझं माणूस – बर्निस, समोरच्या घरातली. सध्या बोलत नाही माझ्याशी, पण मला बोलता येईनासं झालं तर माझ्या वतीने तिनेच बोलायचं, दुसऱ्या कुणी नाही. मला कुठेही नेऊ नका. तिला माहीत आहे."

चौकोन. त्यावर आडवी रेघ.

डबा सगळे दिवस माझ्या कपाटात होता.